दुर्बिणीची खोटी जन्मपत्रिका

१/ एक चित्रसंदेश निरनिराळ्या रूपांत समाजमाध्यमांवर फिरत असतो. त्यातील प्रतिपादन थोडक्यात असे: ‘दुर्बीण’ हा शब्द मुळात संस्कृत ‘दूरवीक्षण’, तो झिजून दुर्बीण झाला, फारसीने तो आपल्याकडून उचलला, आणि ज्याअर्थी शब्द आपला, त्याअर्थी यंत्रही आपलेच. या चार विधानांपैकी एकही खरे नाही. ते का खरे नाही आणि या असत्याने नेमके कोणाचे नुकसान होते, हे सांगण्यासाठी हा दीर्घ धागा.

२/ प्रथम शब्दाची फोड. फारसीत ‘दूर’ म्हणजे दूरच, आणि ‘बीन’ हे ‘दीदन’ (पाहणे) या क्रियापदाचे वर्तमानकाळी अंग. समासाच्या अंती ते आले की ‘पाहणारा’ असा अर्थ होतो. दूरबीन म्हणजे दूरचे पाहणारा. यंत्र जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून फारसीत हा शब्द दूरदृष्टीच्या माणसाचे विशेषण म्हणून रूढ होता. यंत्र आले, तेव्हा ते विशेषण त्याला चिकटले.

३/ हे ‘बीन’ एकटे नाही. उर्दू-हिंदीत सूक्ष्मदर्शकाला ‘खुर्दबीन’ म्हणतात. खुर्द म्हणजे लहान. वडगाव खुर्द आणि वडगाव बुद्रुक यांच्या महाराष्ट्राला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. तमाशा पाहणारा तो ‘तमाशबीन’. दुर्बिणीतील ‘बीण’ जर ‘वीक्षण’ असेल, तर खुर्दबीन आणि तमाशबीन यांच्यातील ‘बीन’ काय आहे, याचे उत्तर त्या चित्रसंदेशाने द्यावे. एकाच घरातील तीन भावंडांपैकी एकाचेच आडनाव बदलता येत नाही.

४/ आता ध्वनींची साक्ष काढू. संस्कृतातील आरंभीचा ‘व’ हिंदी व बंगालीत ‘ब’ होतो. मराठीत मात्र तो ‘व’च राहतो. हिंदीत बीस, मराठीत वीस. हिंदीत बाघ, मराठीत वाघ. बिजली आणि वीज, बारात आणि वरात, बैंगन आणि वांगे. ‘वीक्षण’ हा शब्द मराठी तोंडात झिजला असता, तर त्याचा ‘व’ शाबूत राहिला असता. दुर्बिणीतील ‘ब’ हाच सांगतो की हा शब्द मराठीच्या जुन्या वाटेने आलेला नाही.

५/ दुसरी साक्ष ‘क्ष’ची. संस्कृतातून मराठीत येताना ‘क्ष’ आपल्या मागे काहीतरी ठेवून जातो. लक्षचा लाख झाला, कक्षची काख झाली, क्षेत्राचे शेत झाले, मक्षिकेची माशी झाली. कोठे ख, कोठे श. ‘दूरवीक्षण’मधील ‘क्ष’ मात्र मागमूस न ठेवता नाहीसा झाला, असे आपण मानायचे! भाषेत अपवाद असतात, हे मान्य. परंतु एकाच शब्दात एकामागून एक अपवाद मानावे लागले, की ती व्युत्पत्ती उरत नाही. ती इच्छा होते.

६/ मग हा ‘दूरवीक्षण’ शब्द आला कोठून? तो खराच शब्द आहे. बंगालीत टेलिस्कोपला ‘दूरवीक्षण’ आणि मायक्रोस्कोपला ‘अणुवीक्षण’ असे संस्कृतनिष्ठ पारिभाषिक शब्द आजही चालतात. ते घडवलेले शब्द आहेत, आणि उत्तम घडवलेले आहेत. पण यंत्र हाती आल्यावर घडवलेला शब्द त्या यंत्राच्या लोकप्रचलित नावाचा पूर्वज कसा होईल? येथे नातवाला आजोबा ठरवले गेले आहे.

७/ या घोटाळ्याचे मूळ एका खऱ्या गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट त्या संदेशापेक्षा कितीतरी अधिक रोचक आहे. संस्कृत ‘दूर’ आणि फारसी ‘दूर’ हे सारखे दिसतात, कारण ते सगोत्र आहेत. वैदिक भाषा, अवेस्ता आणि प्राचीन फारसी या भारत-इराणी कुळातील बहिणी. त्यांचे सामाईक धन मूळ घरातून आलेले. एकीने दुसरीची तिजोरी फोडलेली नाही.

८/ याला शिलालेखांचा पुरावा आहे. इराणचा सम्राट दारियस पहिला याने इ.स.पू. ५२२ ते ४८६ या काळात राज्य केले. त्याच्या प्राचीन फारसी लेखांत ‘दूर’चे रूप आहे आणि ‘वैन्’ म्हणजे पाहणे हा धातूही आहे. आधुनिक फारसीतील ‘बीन’ या ‘वैन्’चाच वंशज, कारण फारसीत आरंभीच्या जुन्या ‘व’चा ‘ब’ होतो. आपला वात तेथे ‘बाद’ (वारा), आपले वीस तेथे ‘बीस्त’. दुर्बिणीतील ‘ब’चा उलगडा असा फारसीच्या घरातच होतो, आणि तोही नियमाने.

९/ या ‘वैन्’चा सगोत्र धातू वैदिक भाषेतही आहे: ‘वेन्’. संस्कृताचा अभिमान ज्यांना खरोखर आहे, त्यांनी ही वाट धरावी. दुर्बिणीचे दोन्ही अवयव आपल्या दूरच्या नातलगांचे आहेत, हे शास्त्रशुद्ध सत्य आहे. परंतु चुलत बहिणीच्या मुलाला आपल्या पोटचा म्हणून मिरवण्याने नाते वाढत नाही.

१०/ आणखी दोन पाठभेद अधूनमधून दिसतात. एक: ‘दुर् + वीणा’. संस्कृतात ‘दुर्’ हा उपसर्ग वाईट वा कठीण या अर्थी येतो: दुर्जन, दुर्गम, दुर्लभ. त्या हिशेबाने दुर्बीण म्हणजे बेसूर वीणा! हिंदीतील वाद्यवाचक ‘बीन’चे नाते वीणेशी आहे, हे खरे, पण ती ‘बीन’ निराळी. आणि मराठी गारुडी तर पुंगी वाजवतो.

११/ दुसरा पाठभेद इंग्रजाळलेला: ‘बायनॉक्युलर’मधील ‘बिन’ म्हणजेच दुर्बिणीतील ‘बीण’. तेथील ‘बिनी’ हा लॅटिन शब्द; अर्थ दोन-दोन. त्यापुढे ‘ऑक्युलस’, म्हणजे डोळा. तेथे ‘बिन’ म्हणजे दोन, येथे ‘बीन’ म्हणजे पाहणारे. ध्वनिसाम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नसतो; तो फार तर शोधाचा आरंभ असू शकतो.

१२/ आता यंत्राकडे. ऑक्टोबर १६०८ मध्ये नेदरलँड्समधील मिडेलबर्ग येथील चष्मेकार हान्स लिपरहे याने दूरचे जवळ दाखवणाऱ्या नळीच्या एकस्वासाठी डच संसदेकडे अर्ज केला. इतरही दावेदार पुढे आल्याने एकस्व नाकारले गेले. परंतु संसदेने त्याच्याकडे एक मागणी केली: दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे उपकरण करून द्यावे. त्याने ते करून दिले. म्हणजे द्विनेत्री दुर्बीण ही एकनेत्री दुर्बिणीची जवळजवळ समवयस्क आहे.

१३/ १६०९ मध्ये गॅलिलिओने स्वतःची नळी घडवली आणि १६१० च्या मार्चमध्ये व्हेनिस येथे आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. ‘टेलिस्कोप’ हे नाव तेव्हा नव्हते. ते १६११ मध्ये रोम येथील एका मेजवानीत, ग्रीक ‘टेले’ (दूर) आणि ‘स्कोपेइन’ (पाहणे) यांवरून ठेवले गेले. डच लोक ‘फेरकेइकर’ म्हणतात: दूर पाहणारे. ग्रीक, डच, फारसी, तिन्ही नावे एकाच अर्थाची. नाव देताना माणसांना जे सर्वत्र सुचते, तेच इराणातही सुचले. संस्कृताची उसनवारी करण्याचे त्यांना कारणच नव्हते.

१४/ भारतात हे यंत्र समुद्रमार्गाने आले. १६५१ मध्ये जेरेमाया शेकर्ली या इंग्रज ज्योतिर्विदाने सुरतेहून बुधाचे अधिक्रमण पाहिले. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. डिसेंबर १६८९ मध्ये पुदुच्चेरी येथे जाँ रिशो या जेझुइट पाद्र्याने अल्फा सेंटॉरी हा जोडतारा असल्याचे दुर्बिणीतून ओळखले. हा आपल्या भूमीवर घडलेला इतिहास आहे. तो सांगितल्याने आपले काही उणे होत नाही.

१५/ ‘आपल्याकडे नलकयंत्र होते’ असे उत्तर येईल. होते. सिद्धांतग्रंथांत त्याचा उल्लेख आहे. पण ती पोकळ नळी होती. इष्ट ग्रहाच्या दिशेने ती रोखायची आणि गणिताने काढलेले स्थान पडताळायचे. तिच्यात भिंग नव्हते आणि ती काही मोठे करून दाखवत नसे. भिंगाविना त्या गणितींनी ग्रहगतीचे जे अचूक गणित मांडले, त्यातच त्यांचा मोठेपणा आहे. त्यांच्या हाती खोटी दुर्बीण देणे हा त्यांच्या बुद्धीचा गौरव नव्हे. तो अविश्वास आहे.

१६/ सवाई जयसिंहाचे उदाहरण पाहा. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा, वाराणसी येथे वेधशाळा उभारणारा हा राजा. त्याच्या आश्रयाने तयार झालेल्या ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ या फारसी ग्रंथात दुर्बिणीतून केलेली निरीक्षणे आहेत: शुक्राच्या कला, सूर्यावरील डाग, गुरूचे चार उपग्रह. जगन्नाथ सम्राटासारखा संस्कृत पंडित त्याच्या पदरी होता. संस्कृत नाव हाताशी असते, तर ते वापरणे त्याला काय अवघड होते? ग्रंथात शब्द आहे तो ‘दूरबीन’.

१७/ मराठीतही असेच घडले. वस्तू फिरंग्यांनी आणली. नाव दख्खनच्या दरबारी भाषेने दिले. पोर्तुगिजांकडून मराठीने पाव घेतला, चावी घेतली, बटाटा घेतला, पगारही घेतला; दुर्बिणीचे नाव मात्र बहमनी, आदिलशाही, निजामशाही आणि मोगल अमलांत मुरलेल्या फारसीतून घेतले. यंत्र जहाजातून उतरले, शब्द कचेरीतून आला.

१८/ आणि तो आपल्याकडेच आला असे नाही. तुर्कीत ‘द्युर्ब्युन’, गुजराती-हिंदी-बंगालीत ‘दूरबीन’, कन्नडमध्ये ‘दुर्बीनु’, तेलुगूत ‘दुर्भिणी’. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिलीत ‘दारुबिनी’. खुद्द इराणात आज ‘दूरबीन’ म्हटले की बहुधा कॅमेरा समजतात. पण तो चित्रसंदेश मानतो की हे सारे ‘दूरवीक्षण’चे अपभ्रंश आहेत, तर मग स्वाहिलीलाही पैठणची शाखा मानावे लागेल.

१९/ याचा अर्थ शब्द परका राहिला असा होतो का? मुळीच नाही. ‘हैरान’चे हैराण आणि ‘निशान’चे निशाण करणाऱ्या मराठीने ‘बीन’चे ‘बीण’ केले. दीर्घ ‘दू’ ऱ्हस्व केला. बहीण-बहिणीने या चालीवर दुर्बीण-दुर्बिणीने अशी रूपे लावली. आज इस्पितळात ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ हा शब्दप्रयोग रोग्याच्या अशिक्षित नातेवाइकालाही कळतो. नारायणगावजवळील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातील रेडिओ लहरी टिपतात, त्या यंत्रणेलाही आपण ‘रेडिओ दुर्बीण’च म्हणतो. जन्माने फारसी, संस्काराने मराठी.

२०/ आता मुख्य आक्षेप. ‘महाराजांनी फारसी शब्द हटवले, तुम्ही त्यांचे गोडवे गाता?’ शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेला ‘राज्यव्यवहारकोश’ एकदा उघडून पाहा. दहा वर्ग, सुमारे १३८० शब्द. प्रत्येक ठिकाणी रूढ यावनी शब्द आणि त्याला संस्कृत पर्याय. राज्यव्यवहारात पेशव्याला मुख्य प्रधान, मुजुमदाराला अमात्य, डबीराला सुमंत, सरनौबताला सेनापती ही नावे आली ती याच दृष्टीतून.

२१/ त्या कोशाची सारी इमारत एका प्रामाणिकपणावर उभी आहे: परका शब्द परका म्हणून ओळखण्यावर. ‘पेशवा हा मुळात संस्कृतच’ असे रघुनाथपंतांनी म्हटले असते, तर कोश रचण्याचे प्रयोजनच उरले नसते. जे आज प्रत्येक फारसी शब्दाला संस्कृत मूळ चिकटवतात, ते महाराजांच्या धोरणाचे अनुयायी नाहीत. ते नकळत असे सुचवत आहेत की महाराजांनी हा खटाटोप उगाच केला.

२२/ इतिहासाचार्य राजवाड्यांनी वेगवेगळ्या काळांतील मराठी पत्रांमधले शब्द मोजले आणि शिवपूर्वकाळापासून पुढे फारसीचे प्रमाण कसे उतरत गेले, हे दाखवले. ही मोजणी कशी झाली? फारसी शब्द वेगळा ओळखून, त्याला फारसीच्या खात्यात घालून. खतावणीतच लबाडी केली, तर शिल्लक किती हे कोण सांगणार? मराठीच्या पुनरुत्थानाचा सर्वांत भक्कम पुरावा या खोट्या व्युत्पत्ती पुसून टाकतात.

२३/ भाषाशुद्धीच्या चळवळीचेही तेच. सावरकरांनी परकीय शब्दांना पर्याय सुचवले, ते परकीय आहेत असे मानूनच. माधव जूलियन तर फारसीचे प्राध्यापक. १९२५ मध्ये त्यांनी फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. त्यांच्या मताशी कोणी सहमत व्हावे वा न व्हावे. पण शुद्धीचा आग्रह धरण्यापूर्वी अशुद्ध काय ते शिकण्याचे कष्ट त्यांनी घेतले होते. आजचा चित्रसंदेशवीर फारसीची लिपीही न शिकता फारसीच्या व्युत्पत्ती ठरवतो.

२४/ ‘द्विनेत्री’ म्हणा, ‘दूरदर्शक’ म्हणा, माझी हरकत नाही. पर्याय घडवणे हा प्रत्येक भाषेचा अधिकार आहे आणि मराठीने तो उत्तम बजावला आहे. ‘सूक्ष्मदर्शक’ रुळला, ‘दिनांक’ रुळला. हरकत आहे ती दाखल्यातील खाडाखोडीला. शब्द बदलणे ही निवड आहे. त्याचा इतिहास बदलणे ही फसवणूक.

२५/ ‘एका शब्दावरून एवढे रण कशाला?’ कारण नुकसान शब्दापाशी थांबत नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत. ‘दप्तर’ आणि ‘रुमाल’ हे शब्दच फारसीतून आलेले. आतील पत्रांवरची कालगणना अरबी संख्यांत: ‘इहिदे सितैन मया व अलफ’. एक, साठ, शंभर आणि हजार; मिळून शुहूर सन ११६१. हेच पानिपतचे वर्ष, जानेवारी १७६१. ज्याला हे चार शब्द कळत नाहीत, त्याला पानिपतच्या पत्राची तारीखही लावता येत नाही.

२६/ मी पदव्युत्तर वर्गात मोडी वाचायला शिकतो आहे. अक्षर लागते, ओळ लागते, आणि मग अर्थ अडतो तो बहुधा फारसी शब्दापाशी. माझ्या पिढीतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांपैकी फारसीकडे वळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ‘सगळे मुळात संस्कृतच आहे’ हे ज्याच्या मनावर लहानपणापासून बिंबवले गेले, तो फारसी शिकायला कशासाठी जाईल? आणि तो गेला नाही, तर मराठ्यांचा इतिहास मराठ्यांच्याच कागदांतून वाचणार कोण?

२७/ म्हणून पुढच्या वेळी असा संदेश आला, तर तीन गोष्टी कराव्यात. एक, कोश उघडावा. मोल्सवर्थपासून दात्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’पर्यंतचे कोशकार परभाषी शब्दांचे मूळ नोंदवत आले आहेत. दोन, ध्वनिबदल त्या भाषेच्या इतर शब्दांतही तसाच घडतो का, ते पाहावे. तीन, त्याच घडणीचे भाईबंद शब्द शोधावेत. दहा मिनिटांचे काम आहे. खोटा संदेश पुढे पाठवायला लागतात त्यापेक्षा नऊ मिनिटे जास्त.

२८/ एवढे करूनही ज्यांना ‘दूरवीक्षण’च खरे वाटेल, त्यांनी उत्तरात एकच गोष्ट द्यावी: १६०८ पूर्वीच्या एखाद्या संस्कृत ग्रंथातील असा उल्लेख, जेथे हा शब्द दूरचे जवळ दाखवणाऱ्या भिंगयुक्त यंत्रासाठी वापरला आहे. ग्रंथाचे नाव, अध्याय, श्लोकांक. चित्रसंदेश नको. धागा समाप्त.